आधी मोठ्यांची डोकी

ताई जरा जास्तच गोड बोलतात, तेव्हा इथे कुठेतरी पाणी मुरतंय, हे तपासनीसांनी आल्या आल्याच ठरवून टाकलं.

तपासनीस हे काही त्यांचं आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. पण उभी हयात विमा कंपनीत लोकांचे दावे तपासण्यात गेली आणि खरं नाव त्या धबडग्यात मागे पडलं. दुकानाला आग लागली म्हणून कोणी भरपाई मागितली, की हे त्या राखेत बोट बुडवून वास घ्यायचे. पाय मोडलाय म्हणणाऱ्याच्या पुढ्यात मुद्दाम पेन पाडायचे आणि तो कसा वाकतो ते बघायचे. असा माणूस निवृत्त होऊन घरी बसला की घराचं काय होतं, ते त्याच्या बायकोला विचारावं. आज दूध पातळ का, घड्याळ पुढे का, फोन ठेवताना 'बरं मग' असं दोनदा का म्हणालीस. शेवटी एक दिवस ती माउली म्हणाली, "अहो, भाजीत मीठ जास्त पडलं, एवढंच झालंय. मी काही कंपनीकडे दावा केलेला नाही. रोज दुपारनंतर कुठेतरी बाहेर जा, नाहीतर मी भावाकडे जाऊन राहते. आणि राहते म्हणजे राहतेच."

जागाही तिनेच शोधून आणली. शाळा सुटल्यापासून आईवडील कामावरून येईपर्यंत मुलांना सांभाळणारं एक केंद्र होतं. तिथे माणूस हवा होता. अनुभवाची अट नाही, काम करता करता शिकवू, तीन महिने उमेदवारी, मग केंद्राच्या ताई सांगतील त्याप्रमाणे कायम नाहीतर रामराम. 'अनुभवाची अट नाही' हे वाचूनच तपासनीसांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. ज्या कामाला अनुभव लागत नाही म्हणतात, तिथला अनुभवी माणूस का पळाला, हे आधी विचारावं. पण बायकोने भावाला फोन लावलेला दिसत होता, त्यामुळे विचारायला सवड मिळाली नाही.

आता प्रश्न इभ्रतीचा. अख्ख्या इमारतीत ज्यांच्या नुसत्या खाकरण्याने लोक आपापली कागदपत्रं आवरून ठेवत, त्यांनी मुलांची नाकं पुसायला जायचं म्हणजे काय? म्हणून त्यांनी इमारतीत सांगितलं, की एका संस्थेने बालविकास सल्लागार म्हणून बोलावलंय.

"सल्लागार म्हणजे नेमकं काय हो?" खालच्या मजल्यावरच्या निवृत्त हेडमास्तरांनी विचारलं.

"सल्ला देतो."

"कोणाला?"

"मुलांना."

"आणि ती ऐकतात?" हेडमास्तर असे हसले, की त्यांचा चहा बशीत सांडला. मग सुरात येऊन म्हणाले, "हे बघा, पहिल्या दिवशी डोळे वटारायचे. एकदा का हसलात, की तुम्ही संपलात." तेवढ्यात समोरच्या वहिनी दारात आल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, यांचं अजिबात ऐकू नका. मुलांना प्रेम लागतं. खिशात गोळ्या ठेवा." तपासनीसांनी दोघांवरही विश्वास ठेवला नाही, पण धोका नको म्हणून दोन्ही सल्ले पाळले. पहिल्या दिवशी ते डोळे वटारून मुलांना गोळ्या वाटू लागले. मुलं घाबरून गोळ्या घेईनात, आणि ताईंनी गोड हसून अख्खी पुडी काढून घेतली.

थोडक्यात, कायम झाले नाहीत तर सल्लागाराला शाळकरी पोरांनी नापास केलं, ही बातमी जिन्यातून वर-खाली करणार होती, आणि बायको भावाकडे जाणार होती ते वेगळंच. पण याहूनही नाजूक एक गोष्ट होती. तपासनीसांचे केस त्यांचे नव्हते.

म्हणजे पैसे त्यांनीच मोजले होते, तेवढ्यापुरते ते त्यांचेच. पण डोक्यातून उगवलेले नव्हते. ऐन तारुण्यात टक्कल पडलं आणि दावेदार त्यांच्याशी मायेने बोलायला लागले. टक्कल पडलेला माणूस का कोण जाणे प्रेमळ दिसतो, आणि तपासनीसाने प्रेमळ दिसणं कंपनीला परवडण्यासारखं नव्हतं. तेव्हापासून त्यांच्या डोक्यावर दाट, काळाभोर, डावीकडे भांग पाडलेला विग होता. तेव्हाची माणसं कधीच पांगली होती, आता हे फक्त बायकोला आणि विग विकणाऱ्याला ठाऊक होतं. त्यातला विग विकणारा दुकान विकून गेला होता आणि बायकोला शपथ घातली होती.

ताईंच्या केंद्रात एक नियम होता. जे जे म्हणून मुलांना करायला सांगायचं, ते आधी मोठ्यांनी करून दाखवायचं. आधी मोठे, मग मुलं. हात धुवायचे तर आधी ताई धुणार, मग उमेदवार, मग रांगेने मुलं. कडू औषध असो, चुकलो म्हणून माफी मागणं असो, की कोपऱ्यातला पसारा आवरणं असो. "मुलं ऐकत नाहीत काका, ती बघतात," ताई म्हणाल्या. तपासनीसांना हा नियम ऐकायला सुंदर वाटला आणि म्हणूनच संशयास्पद वाटला. म्हाताऱ्या माणसाला चारचौघांत ओणवं करण्याचा हा सभ्य मार्ग आहे, असं त्यांचं मत झालं.

आणि ते मत खरं ठरायला फार वेळ लागला नाही. पहिल्याच आठवड्यात कापडाचा लांबलचक बोगदा आणला गेला. एका तोंडातून रांगत आत शिरायचं, दुसऱ्या तोंडातून बाहेर यायचं. ताई सळकन गेल्या आणि आल्या. मग सगळ्या मुलांनी तपासनीसांकडे पाहिलं. ते गुडघ्यांवर बसले, देवाचं नाव घेतलं आणि आत शिरले. मध्यावर आल्यावर त्यांना जाणवलं, की आपण पुढे चाललोय पण केस मागे राहिलेत. अंधारात चाचपून त्यांनी विग शोधला, डोक्यावर बसवला, थोपटला.

"काका, आत काय करताय?" बाहेरून आवाज आला. हा आवाज ज्या मुलाचा होता त्याला सगळे वकील म्हणत, कारण त्याला पाणी पी म्हटलं तरी तो 'का' असं विचारायचा.

"निरीक्षण," तपासनीस आतून म्हणाले.

ते बाहेर आले तेव्हा मुलं एकदम गप्प झाली. ताईंनी त्यांच्या कपाळाकडे पाहिलं आणि 'दूध उतू जातंय' म्हणत आत पळाल्या. दूध त्या दिवशी आलेलंच नव्हतं, हे तपासनीसांनी लगेच टिपलं.

त्या दिवसापासून केंद्रात त्यांच्याविरुद्ध काहीतरी शिजतंय, याबद्दल त्यांना शंका उरली नाही. पुरावे ढिगाने होते. एक म्हणजे पंखा. गृहपाठाच्या टेबलाशेजारी भिंतीवर मान फिरवणारा पंखा होता. तपासनीस टेबलाशी बसले, की कोणीतरी मूल हळूच उठून तो बंद करायचं. घामाने भिजलेले तपासनीस तो चालू करायचे. पाठ वळली की पुन्हा बंद. जाड चष्म्याच्या एका मुलीला त्यांनी बटणावर हात असतानाच पकडलं, तर ती म्हणाली, "मला थंडी वाजते." भर उन्हाळ्यात! बरं, चेंडू खेळताना पोरं चेंडू जमिनीवरून सरपटत टाकायची, जरा म्हणून वर उडवायची नाहीत. शाळेतून मुलांना घेऊन येताना पुलावरचा सरळ रस्ता सोडून मागच्या बोळातून चला म्हणून हट्ट धरायची. बोळात काय आहे ते बघायला तपासनीस एकदा मुद्दाम एकटे गेले. तिथे एक मांजर आणि बंद पडलेली स्कूटर होती. मांजराबद्दलही त्यांना जरा शंका आलीच.

आणि कुजबुज! ते खोलीत शिरले की कुजबुज थांबायची. सगळ्यांत लहान मुलगी, जिला सगळे चिमणी म्हणत, ती तर तोंडावर हात ठेवून त्यांच्याकडे इतक्या मायेने बघायची, की तपासनीसांना दरदरून घाम फुटायचा.

ताईंची वागणूकही सरळ नव्हती. त्या बोलताना सारखी पेन्सिल केसांत घालून डोकं खाजवत. म्हणजे विचार करत असणार. आणि आपल्याशी बोलताना माणूस एवढा विचार कशाचा करतो, हे न कळायला तपासनीस दूधखुळे नव्हते. त्यात गुडघ्याचं प्रकरण झालं. वकील भिंतीवर आपटला आणि गुडघ्याला खरचटलं. असं काही झालं, की पालकांसाठी एक चिठ्ठी लिहायची पद्धत होती. तपासनीसांच्या हातात कितीतरी दिवसांनी कायदेशीर कागद आला होता. ते चांगले खुलले. त्यांनी लिहिलं, 'जखमी इसमाचं म्हणणं असं, की भिंत मध्ये आली. प्रत्यक्ष पाहणी केली असता भिंत पूर्वीपासूनच तेथे असल्याचं आढळलं. सबब जखमीच्या म्हणण्यात विसंगती आहे.' पुढे साक्षीदारांचे जबाब आणि भिंतीचा नकाशा. ते वाचून वकिलाचे वडील कामावरून तसेच धावत आले. त्यांना वाटलं, पोरगा पोलीस ठाण्यातच आहे.

"काका, एक ओळ पुरे असते," ताई डोकं खाजवत म्हणाल्या. "पडला, खरचटलं, धुवून औषध लावलं. बस."

"उद्या त्यांनी दावा केला तर?"

"कोणावर?"

"भिंतीवर," असं तपासनीसांच्या अगदी ओठांवर आलं होतं. एवढा अपमान तर कंपनीतल्या साहेबानेही केला नव्हता. आपण नापास होणार, आता फक्त कारण शोधणं चालू आहे, हे त्यांना दिव्याइतकं स्वच्छ दिसलं. यावर उपाय एकच. आपल्या हुन्नराचा असा काही नमुना दाखवायचा, की ताईंची बोलती बंद झाली पाहिजे.

आणि संधी आपल्या पायांनी चालत आली. चष्मेवाली कानामागे खाजवताना त्यांना दिसली. एकदा दिसलं, दुर्लक्ष केलं. पुन्हा दिसलं. मग त्यांनी खिशातलं जुनं भिंग काढून पुसलं. उवा! केंद्रात कोणीतरी उवा आणल्यात, आणि कोणी आणल्या ते आपण शोधून काढायचं.

तपास रीतसर सुरू झाला. गृहपाठाच्या वेळी ते एकेकाला बाजूला घेऊन विचारू लागले, "शेवटचं कधी खाजवलंस? कुठे? तेव्हा शेजारी कोण होतं?" मुलांना याच्यासारखी मजा कधी आली नव्हती. वकिलाने तर आपण उत्तर द्यायला बांधील आहोत का, असं विचारून मग सगळ्यांची नावं सांगितली, त्यात पोस्टमनचंही सांगितलं. उवांचं नाव काढलं की डोकं खाजतंच, त्यामुळे संध्याकाळपर्यंत सगळी खोली दोन्ही हातांनी खाजवत होती आणि तपासनीसांना जिकडे तिकडे आरोपी दिसत होते. स्वतः त्यांनाही विगखाली अशी काही खाज सुटली की विचारू नका, पण मोठ्या पदावरच्या माणसाला ती सोय नसते. ते टाचा घासत उभे राहिले.

"ताई, प्रकरण गंभीर आहे," ते म्हणाले. "सरसकट तपासणी झाली पाहिजे. एकही डोकं सुटता कामा नये. कोणी कितीही नाही म्हणालं, तरी!"

ताईंनी पेन्सिल केसांतून काढली. "तुमचं म्हणणं बरोबर आहे काका. उद्याच करू. बारीक दातांची फणी आहे माझ्याकडे." मग त्या मुलांकडे वळल्या. "आणि आपला नियम काय?"

"आधी मोठे, मग मुलं!" सगळी पोरं एका सुरात ओरडली.

तपासनीसांच्या तोंडचं पाणी पळालं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. स्वतःच्या पायावर असा नेम धरून धोंडा त्यांनी आजवर मारून घेतला नव्हता.

घरी जाताना वाटेत ते डॉक्टरकडे शिरले. माझ्या डोक्याची कातडी नाजूक आहे, फणी लावू नये, एवढं एका कागदावर लिहून द्या, अशी त्यांची साधी मागणी होती. डॉक्टर म्हणाले, "जरूर. आधी कातडी बघू." तपासनीस म्हणाले, "न बघता लिहिता येणार नाही का?" डॉक्टरांनी त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने त्यांनी स्वतः आयुष्यभर दावेदारांकडे पाहिलं होतं. ते निमूटपणे उठले. जिन्यात हेडमास्तर भेटले. त्यांना भलत्याच मित्राची गोष्ट म्हणून अडचण सांगितली, तर ते म्हणाले, "तुमच्या मित्राला सांगा, उद्या दांडी मार." पण तपासणीच्या दिवशी जो गैरहजर तोच गुन्हेगार, हा तर तपासनीसांनीच कंपनीला घालून दिलेला धडा होता. घरी बायको सगळं ऐकून एवढंच म्हणाली, "अहो, काढून टाका ना एकदाचा. इतकी वर्षं मी झाकण बघतेय, जरा माणूस तरी दिसू दे." तपासनीस रुसून जेवले.

दुसऱ्या दिवशी खोलीच्या मधोमध खुर्ची मांडली होती. खाली पांढरी चादर, शेजारी फणी, वाटीत पाणी. मुलं गोल करून बसली होती आणि कधी नव्हे ती शांत होती. तपासनीसांनी घरून एक युक्ती योजून आणली होती. ते नम्रपणे म्हणाले, "ताई, पहिला मान तुमचा. तुम्ही इथल्या मोठ्या." मनात हिशेब असा, की ताईंचे केस लांब आहेत, सगळे विंचरून होईपर्यंत पालक येतील आणि आपली वेळ टळेल.

"बरं," म्हणून ताई बसल्या, वेणी सोडली आणि फणी त्यांच्याच हातात दिली. "तुम्हीच बघा. शिकाल. मुळापासून टोकापर्यंत, आणि दर वेळी फणी चादरीवर झटकायची."

तपासनीसांना वेळ काढायचा होता, म्हणून त्यांनी सावकाश, बट वेगळी करून, भिंग लावून काम सुरू केलं. आणि काम एकदा हातात आलं, की त्यांना दुसरं काही सुचत नसे. आपण कशाला टाळतोय, हे ते विसरून गेले. कानाच्या मागची बट विंचरली, फणी झटकली, भिंग डोळ्याला लावलं. चादरीवर एक काळसर ठिपका पडला होता. तो ठिपका चालायला लागला.

"सापडली!" तपासनीस आनंदाने ओरडले. "सापडली! ही बघा!"

आणि मग त्यांचं लक्ष ताईंच्या चेहऱ्याकडे गेलं.

आयुष्यभर त्यांनी 'सापडलं' हा शब्द कागदावर लिहिला होता. कागद टपालाने जायचा. तो ज्याला मिळायचा त्याचं तोंड कसं होतं, हे बघायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. ताईंचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा पडला. एवढ्या खमक्या ताई, पण मोकळे केस दोन्ही हातांनी धरून मुलांसमोर एवढुशा होऊन बसल्या होत्या.

"म्हणजे ताई, तुम्हीच आणल्यात?" वकिलाने विचारलं.

"तरीच!" चष्मेवाली म्हणाली आणि आपली चटई मागे सरकवली. मग सगळ्यांनीच सरकवली. कोणीतरी फिस्सकन हसलं. ताईंच्या डोळ्यांत पाणी तरारलं.

तपासनीसांना फार वाईट वाटलं. ज्या बाईवर आपण इतके दिवस डूख धरून बसलो, तिला असं बघताना आनंद व्हायला हवा होता, तो औषधालाही सापडेना. काहीतरी करायला हवं होतं आणि ताबडतोब करायला हवं होतं. मुलांच्या नजरा तिथून हटवील अशी एकच वस्तू त्यांच्यापाशी होती. त्यांनी फार विचार केला नाही. केला असता तर धीर झाला नसता. "इकडे बघा रे!" असं ओरडून त्यांनी उजवा हात वर नेला आणि केस डोक्यावरून उचलले.

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या टकलाला चारचौघांतली हवा लागत होती. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि हशाची वाट पाहिली.

"ते माहितीये," चिमणी म्हणाली. "तुम्ही पुढे विंचरा ना. अजून किती आहेत ते बघू या."

तपासनीसांनी एक डोळा उघडला. कोणीही हसत नव्हतं. "माहितीये म्हणजे? कधीपासून?"

"बोगद्यापासून," वकील म्हणाला. "तुम्ही तो उलटा घालून बाहेर आलात. दिवसभर तुमचा भांग मानेवर होता."

"म्हणून तर आम्ही पंखा बंद करतो," चष्मेवाली म्हणाली. "तो तुमच्याकडे वळला, की पुढचा भाग उडतो. आणि पुलावर तर केवढा वारा असतो."

"मी कोणाला नाही सांगितलं," चिमणी म्हणाली. "फक्त आईला, आजोबांना आणि आमच्या बाईंना."

तपासनीस मटकन चादरीवर बसले. ज्यांच्यावर ते इतके आठवडे पाळत ठेवून होते, ती टीचभर पोरं उलट त्यांनाच सांभाळत होती, घामाने निथळत, लांबच्या बोळातून चालत. इतका मोठा कट त्यांनी अख्ख्या कारकिर्दीत पाहिला नव्हता, आणि पाहिला असता तरी तो असा असेल हे त्यांना कधीच कळलं नसतं. मग त्यांनी ताईंकडे पाहिलं. ताई रडता रडता हसत होत्या. "दूध उतू गेलं नव्हतं काका," त्या म्हणाल्या, "मला तोंड लपवायला जागा हवी होती." त्यांना हसताना बघून मुलांच्या चटया आपोआप पुन्हा पुढे आल्या.

त्यानंतर सगळ्यांची डोकी झाली. अर्ध्या खोलीत उवा निघाल्या. चष्मेवालीकडे मात्र एकही नव्हती, तिला चष्म्याची काडी टोचत होती. सगळ्यांच्या टोप्या आणि रिबिनी पिशवीत घालून तोंड घट्ट बांधायचं, दोन आठवडे उघडायचं नाही, असं ताईंनी सांगितलं. वकिलाने हात वर करून विचारलं, "आणि काकांच्या केसांचं?" नियम तो नियम. विगही एका पिशवीत गेला.

चिठ्ठ्या लिहिण्याचं काम अर्थातच तपासनीसांकडे आलं. कोणा एकाचं नाव पुढे येऊ नये म्हणून त्यांनी प्रत्येकीवर एकच ओळ लिहिली, 'उवा सापडल्या, सगळ्यांनाच आहेत, औषध लावा.' ताईंनी ती वाचली आणि पुन्हा वाचली. मग त्यांनी औषधाची बाटली काढली.

"आधी मोठे," त्या म्हणाल्या. "मला आत्ताच डोक्याला लावून पंचा बांधून बसायला हवं. मी काही बाहेर येऊ शकत नाही. आज मुलं सोडायचं काम तुमचं. एकट्याचं."

तपासनीस दचकले. उमेदवाराने दारात एकटं उभं राहून मुलं कोणाच्या हाती द्यायची नाहीत, हे ताईंनी त्यांना बजावून बजावून सांगितलं होतं. ते काम कायम माणसाचं. "म्हणजे मी..." ते म्हणाले. "म्हणजे तुम्ही," ताई म्हणाल्या आणि न्हाणीघराचं दार लावून घेतलं. यात काही डाव तर नसेल ना, अशी पाल पुन्हा एकदा चुकचुकली, पण तिचा आवाज आज जरा बसला होता.

ते दारात जाऊन उभे राहिले. नेहमीचे पालक आले, त्यांच्या डोक्याकडे एकदा बघून, आवाजावरून ओळखून, आपापली मुलं घेऊन गेले. शेवटी चिमणी एकटी उरली. तिला रोज आजोबा न्यायचे. आज मात्र एक बाई तरातरा जिना चढून आली, आणि दारात थबकली.

"माझ्या मुलीला न्यायला आलेय. तुम्ही कोण?"

"मी इथला काका."

"इथल्या काकांना दाट केस आहेत. म्हणजे तसे दिसतात तरी, आणि ते कधी काढत नाहीत म्हणे. मी लांबून बघितलंय त्यांना." तिचे डोळे बारीक झाले. "ताई कुठायत? ताईंना बोलवा."

"ताई येऊ शकत नाहीत."

"का?"

आतून नळाचा आवाज येत होता. ताईंच्या डोक्याला काय लावलंय, हे बाहेर सांगणं तपासनीसांना काही केल्या जमणार नव्हतं. "ते मी सांगू शकत नाही," ते म्हणाले.

"सांगू शकत नाही?" बाईने एक पाय उंबऱ्याच्या आत टाकला. "एका अनोळखी माणसाच्या ताब्यात माझी मुलगी, ताई गायब, आणि तुम्ही सांगू शकत नाही? मुलीला इकडे द्या आधी."

चिमणी "आई!" म्हणून धावणार होती, पण तिचा हात तपासनीसांच्या हातात होता आणि तो हात सुटेना. या बाईच्या जागी आपण असतो तर असंच बोललो असतो, म्हणून त्यांनी मनातल्या मनात तिला शाबासकी दिली. इतका सकस संशय त्यांनी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. त्यांना ती बाई एकदम आवडली. आणि आवडली, म्हणूनच त्यांचे कान टवकारले. रोज आजोबा येतात, मग आज ही का? एवढी घाई कशाची? आणि मूल हातात पडायची वाट न बघता पाय आधी आत?

"एक मिनिट," तपासनीस म्हणाले, आणि दारात आडवे झाले. "तुम्ही हिच्या आईच कशावरून?"

"अहो, काय बोलताय! ती मला आई म्हणतेय ना!"

"मुलं काहीही म्हणतात. मला इथे सगळी काका म्हणतात. मी कोणाचा काका आहे? ओळखपत्र आहे का? फोटो असलेलं? आणि फोटो अलीकडचा हवा."

बाई थक्क झाली. मग तिचा हात नकळत पर्सकडे गेला.

"बघ आई," चिमणी खुशीत म्हणाली, "हेच आमचे काका!"